पावतीवर नख ओढून पाहा

वाचकांचे प्रश्न : कागद आणि आरोग्य

दिवाळीनंतरच्या अंकात बांबूचा कागद कसा होतो त्यावर मी लिहिलं होतं. शेवटी सहज एक वाक्य टाकलं, ‘कागदापेक्षा कागदावर काय चोपडलंय ते बघावं.’ त्या वाक्यावर २१ पत्रं आली. बांबूवर एकही नाही. असो. माझी ओळख विचारणाऱ्यांसाठी : चंद्रपूरकडच्या एका कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली, नंतरची ६ वर्षं रद्दीपासून पुठ्ठा करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. आता नागपुरात घरी असते. मी डॉक्टर नाही. कागदाबद्दल विचाराल तर सांगेन, गोळ्यांबद्दल आपापल्या डॉक्टरांना विचारा.

मी बसमध्ये वाहक आहे. चौथा महिना चालू आहे. दिवसाला तीनशे-चारशे तिकिटं फाडते. डेपोतली एक जण मोबाइलवर वाचून म्हणाली की या तिकिटाच्या कागदात विष असतं, ते बाळापर्यंत जातं. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. खरं काय ते सांगा. – एक वाहक, सांगली जिल्हा

वय लिहिलं नाहीस, पण माझ्या मुलीएवढी असशील म्हणून ‘तू’ म्हणते. आधी एक काम कर. एक कोरं तिकीट घे आणि छापायच्या बाजूवर नख जोरात ओढ. करडी-काळी रेघ उठली ना? तुझ्या यंत्रात शाई नसते हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. रीळ संपलं की रीळ बदलायचं, शाई भरायची पाळी कधी येत नाही. कारण शाई कागदावरच असते, फक्त झोपलेली. कागदावरच्या पातळ थरात एक बिनरंगी रंगद्रव्य आणि त्याला काळं करणारं दुसरं रसायन शेजारीशेजारी बसवलेलं असतं. यंत्रातला तापलेला ठिपका लागला की दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि तेवढीच जागा काळी होते. नख घासल्याची ऊब तेच करते.

ते जे दुसरं रसायन, काळं करणारं, ते म्हणजे बऱ्याच कागदांत बिस्फेनॉल ए, थोडक्यात बीपीए. कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीतही बीपीए असायचं, पण तिथे ते साखळीत गुंफलेलं असतं. पावतीवर (तुझं तिकीटही त्याच जातीच्या कागदाचं) ते मोकळं असतं, अनारशावरच्या खसखशीसारखं. बोट लागलं की बोटावर येतं. प्रमाणही थोडंथोडकं नाही. असं रसायन वापरलेल्या कागदात ते वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के असतं, म्हणजे ग्रॅमभर वजनाच्या पावतीत १० ते २० मिलिग्रॅम. शरीरात गेल्यावर ते स्त्री-संप्रेरकाची, इस्ट्रोजेनची, नक्कल करतं. म्हणून गरोदर बाई आणि तान्हं मूल यांच्या बाबतीत सगळे जास्त जपून बोलतात.

आता तुझ्या मैत्रिणीने न सांगितलेलं. झुरिकच्या सरकारी अन्न-प्रयोगशाळेने २०१० साली पावती पाच सेकंद बोटांत धरून मोजलं. कोरड्या बोटांवर साधारण १ मायक्रोग्रॅम बीपीए आलं. मिलिग्रॅमचा हजारावा भाग. बोट ओलं किंवा तेलकट असेल तर त्याच्या दहापट. अमेरिकेत हार्वर्डच्या लोकांनी २४ जणांना सलग दोन तास पावत्या हाताळायला लावल्या. त्यांच्या लघवीतलं बीपीए लिटरमागे १.८ मायक्रोग्रॅमवरून ५.८ वर गेलं. हातमोजे घालून तेच काम केलं तेव्हा ते फारसं वाढलं नाही. म्हणजे कातडीतून जातं हे खरं, आणि अडवता येतं हेही खरं.

किती गेलं तर वाईट, यावर मोठी माणसं भांडतायत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये रोजची चालण्याजोगी मर्यादा एकदम २० हजार पटींनी खाली आणली, वजनाच्या किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग). जर्मनीच्या सरकारी संस्थेला ते पटलं नाही, तिने त्याच्या हजारपट आकडा धरला. हे एवढ्यासाठी सांगते की उद्या कोणी ‘काही होत नाही हो’ म्हणालं किंवा ‘बाळ गेलंच समज’ म्हणालं, तर दोघांचंही ऐकू नकोस. कागदापुरतं बोलायचं तर युरोपात जानेवारी २०२० पासून अशा कागदात ०.०२ टक्क्यांपेक्षा जास्त बीपीए चालत नाही.

मग कारखानदारांनी काय केलं? बीपीए काढलं आणि त्याचा सख्खा भाऊ बीपीएस घातला. रिळाच्या खोक्यावर ‘बीपीए-फ्री’ छापलं, खोटंही बोलले नाहीत. पण हा भाऊही संप्रेरकाची नक्कल करतोच. स्वित्झर्लंडने दोघांनाही बंदी केली, कॅलिफोर्नियाने २०२३ च्या अखेरीस बीपीएसला प्रजननाला बाधक पदार्थांच्या यादीत टाकलं. खरेदी करणाऱ्याने विचारायचा शब्द ‘फिनॉल-मुक्त’, म्हणजे दोन्ही भाऊ नसलेला. तो कागद मिळतो, थोडा महाग पडतो. तुझ्या संघटनेच्या बैठकीत हा एक शब्द तेवढा बोलून ये.

तुझ्या हातात काय आहे? पहिलं, थुंकी. तिकीट सुटं करायला किंवा नोटा मोजायला अंगठा जिभेला लावायची सवय वाहकांना असतेच. ती आजपासून बंद. त्याने दोन कामं एकदम होतात : बोट ओलं होतं आणि बोटावरचं तोंडात जातं. ओला स्पंजही नको. दुसरं, सॅनिटायझर. हात स्वच्छ ठेवायचे म्हणून बाटली गळ्यात अडकवून दर फेरीला चोळत असशील तर थांब. त्यातली द्रव्यं कातडीची दारं उघडतात. मिसुरी विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये हेच दाखवलं : सॅनिटायझर चोळून लगेच पावती धरली, मग त्याच हाताने बटाट्याचे तळलेले काप खाल्ले, आणि रक्तात बीपीए चढलं. हाताला लावायच्या क्रीमचंही तसंच. ते रात्री घरी लाव. तिसरं, डबा उघडायच्या आधी साबण आणि पाणी. नुसतं पाणी नको, साबण.

हातमोजे घाल असं सांगणं मला सोपं आहे. मे महिन्यात दुपारी दोनला भरलेल्या गाडीत, सुट्ट्या पैशांत हातमोजे घालून तूच उभी राहणार. त्यापेक्षा बँकेत नोटा मोजताना घालतात त्या रबरी टोप्या अंगठा आणि पहिल्या बोटावर चढव, कोरड्या. सगळं अडणार नाही, बरंच अडेल. आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून या महिन्यांपुरतं कार्यालयातलं काम मागायचा अर्ज करून बघ, तो हक्काने कर. एरवीही खड्ड्यांतून उभ्याने जाणारी गाडी चौथ्या महिन्यात काही बरी नव्हे. माझ्या मते तिकिटापेक्षा तो मुद्दा मोठा आहे.

सासूबाईंना सांग, नोकरी सोडायचं कारण नाही. आणि हो, जुनी टिकटिक चिमट्याची, पातळ रंगीत कागदाची तिकिटं होती ना, त्यांना असा थर नव्हता. पण तो चिमटा दिवसभर दाबून माझ्या मावसभावाचा अंगठा पन्नाशीत वाकला. तेही फुकट नव्हतं.

आम्ही तीस-पस्तीस वर्षं पेपरात बांधलेला वडापाव आणि भजी खातोय. काही झालं नाही. उगाच लोकांना घाबरवता कशाला? – एक सेवानिवृत्त, कल्याण

‘काही झालं नाही’ हे तुम्हाला कोणत्या तपासणीत कळलं, ते लिहायला विसरलात. पण प्रश्न चांगला आहे, कारण वर्तमानपत्राची शाई ही खरोखर वेगळी चीज आहे. पेपर वाचून बोटं काळी का होतात? तर ती शाई वाळतच नाही. पुस्तकाची शाई हवेने किंवा उष्णतेने घट्ट होते. रोजच्या पेपराची शाई म्हणजे काजळी आणि तेल. तेल कागदात मुरतं आणि काजळी वर नुसती बसून राहते. मशीन तासाला हजारो प्रती फेकतं, वाळत बसायला वेळ कुणाला? त्यात बहुधा खनिज तेल असतं. आता अशा कागदावर कढईतली भजी ठेवली की काय होणार? तेलाला तेल ओळखतं. गरम असेल तर लवकर ओळखतं.

माझी आई चकल्या, पुऱ्या पेपरावरच निथळायची. एका दिवाळीला मी पुरी उचलली आणि तिच्यावर उलट्या अक्षरांत ‘मंत्रि’ छापलेलं. ‘मंडळ’ दुसऱ्या पुरीवर असणार. आम्ही हसलो आणि खाल्ली. दिसणारी काळी काजळी त्यातली त्यात गरीब. न दिसणारं तेल, रंगीत पानांमधली रंगद्रव्यं आणि पेपर पहाटे कुठल्या फुटपाथवर मोजला गेला, ते जास्त वाईट.

कायद्याचं म्हणाल, तर केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, डिसेंबर २०१६ मध्ये सूचना काढली आणि २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला, ठेवायला मनाई केली. २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं यावरून काय ते समजा.

वडापावात निदान पाव मध्ये असतो. कागद पावाला लागतो, वड्याला नाही. चटणी बाहेर सांडली की मात्र तो हिशेब संपला. भजीला असं कुणी नाही. भजी घरी आणणार असाल तर स्टीलचा डबा घेऊन जा. गाडीवाला हसेल एक दिवस, दुसऱ्या दिवशी स्वतःहून झाकण उघडून धरेल. घरी तळाल तेव्हा चाळणी आणि खाली ताट, आईने केलं नाही ते आपण करू. सोललेले शेंगदाणे, चुरमुरे हे कोरडे आणि गार, तिथे तेल कमी हलतं. पण पुड्याच्या तळाचा खारट चुरा बोटाने चाटून खाऊ नका. (मी खायचे.)

आमच्या मंडळाने महाप्रसादाला थर्माकोल बंद करून कागदी ताटं आणि कागदी कप आणले. आता एक सभासद म्हणतो, यातही प्लॅस्टिक आहे. खरं का? – गणेशोत्सव मंडळ, नाशिक

खरं. कागद पाणी पितो, तो कागदाचा धर्म. कपात चहा ओतून तो गळत नाही, याचाच अर्थ आत दुसरं काहीतरी आहे. एक कप रात्रभर बादलीत भिजत घाला. सकाळी कागद कुस्करला जाईल आणि हातात एक पातळ, पारदर्शक पापुद्रा राहील, साक्षात कपाच्या आकाराचा. ते पॉलिथिन. तुमच्या चंदेरी ताटाचंही हेच करून बघा. चमक कागदाची नसते.

आयआयटी खरगपूरच्या प्रयोगशाळेत असे कप तपासले. ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवलं, त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. १५ मिनिटं चहा कुणी ठेवत नाही असं तुम्ही म्हणाल. मंडळाच्या बैठकीत ठेवतात, मी पाहिलंय. गार ताकाला, सरबताला एवढी चिंता नको. उकळता चहा आणि कढत वरण हा तुमचा प्रश्न.

स्टीलचे पेले भाड्याने मिळतात, धुवायला माणसं लावा, वर्गणी त्याला वापरा. डीजेचं बिल मी विचारत नाही. जेवायला पळसाची पत्रावळ घ्या. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बाया अजून ती काडीने टाचतात. वरण गळतं, मान्य. भात आधी वाढा, मध्ये आळं करा, वरण आळ्यात. आपल्या आज्यांना हे शिकवावं लागलं नव्हतं.

मी घरून नानकटाई आणि केक करून विकते. बटर पेपर सुरक्षित असतो का? मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नच्या पिशवीबद्दल फार वाईट वाचलं. – गृहउद्योजिका, कोल्हापूर

हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण इथे माझी विद्या कामाला येते. कागदातून तेल आरपार जाऊ नये यासाठी तीन रस्ते आहेत. पहिला कष्टाचा : लगदा बीटरमध्ये इतका घोटायचा की तंतू फुटून, झिजून एकमेकांत दाट बसतात आणि तेलाला फटच उरत नाही. असा लगदा हातात घेतला तर पेजेसारखा लागतो, पाणी सोडता सोडत नाही. वीज खूप खातो. दुसरा रस्ता, कागद गंधकाम्लातून झरझर काढून लगेच धुवायचा. वरचे तंतू विरघळून चिकटतात आणि खरा पार्चमेंट होतो. आम्ल धुऊन निघून जातं, मागे उरत नाही. त्यावर सिलिकोनचा थर दिला की केक चिकटत नाही. हे दोन्ही मी बिनधास्त वापरते.

तिसरा रस्ता सोपा आणि स्वस्त : साध्या कागदावर फ्लोरिनवाली रसायनं, ज्यांना पीएफएएस म्हणतात. तेलाचा थेंब त्यावर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल उभा राहतो. ही रसायनं निसर्गात मोडत नाहीत, शरीरात साठतात, त्यांपैकी काहींचा संबंध कोलेस्टेरॉल वाढणं, लसीचा परिणाम कमी होणं आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी जोडला गेला आहे. पॉपकॉर्नच्या पिशव्या आणि बर्गरचे कागद बदनाम झाले ते यांच्यामुळे. डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाच्या कागदात त्यांना बंदी केली. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की कागद तेलरोधक करायला ती रसायनं आता तिथे विकली जात नाहीत.

तुमच्या गठ्ठ्यातल्या एका कागदावर शेंगदाणा तेलाचा थेंब ठेवा. हळूहळू पसरला, कडेने किंचित डाग उमटला तर घोटलेला कागद. मण्यासारखा गोल राहिला, तर पुरवठादाराला लेखी विचारा : सिलिकोन आहे की फ्लोरिन? सिलिकोनवरही थेंब थोडा गोळा होतो, म्हणून डोळ्यांवर निकाल देऊ नका. उत्तर देत नसेल तर दुकान बदला. पॉपकॉर्नचं म्हणाल, तर कढई, झाकण, मक्याचे दाणे. चार मिनिटं.

टॉयलेट पेपर पांढरा करायला क्लोरीन वापरतात आणि त्याने कर्करोग होतो, असं इथल्या मैत्रिणी म्हणतात. – न्यू जर्सी

जुनी भीती आहे, एकेकाळी खरी होती. क्लोरीन वायूने लगदा धुताना डायॉक्सिन नावाची विषारी, कर्करोगकारक द्रव्यं तयार व्हायची. ऐंशीच्या दशकात ते उघड झालं आणि कारखाने क्लोरीन वायू सोडून क्लोरीन डायॉक्साइडकडे वळले, त्याने डायॉक्सिन जवळजवळ संपली. अमेरिकेत त्याचा नियम १९९८ मध्ये आला, आपल्याकडे २००३ च्या सरकारी पर्यावरण-सनदेने कागद कारखान्यांना सांडपाण्यातल्या क्लोरीनयुक्त द्रव्यांवर आकडे घालून दिले. आमच्या ब्लीचिंग विभागाचा वास नव्वदच्या दशकात नाकात चुरचुरायचा, नंतर बदलला. तेव्हाही सगळ्यात जास्त भोगलं ते नदीतल्या माशांनी, पुसणाऱ्यांनी नव्हे. तरी शंका असेल तर बिनब्लीचचा तपकिरी घ्या, किंवा आपला तांब्या आहेच. तो अटलांटिकपलीकडेही चालतो.

जुन्या पावत्या आणि एटीएमच्या चिठ्ठ्या रद्दीत घातल्या तर चालतं का? – एक वाचक, अकोला

नका घालू. रद्दीच्या कारखान्यात सगळं एकाच पल्परमध्ये पडतं. पाणी फिरतं, कागदाचा लगदा होतो आणि पावतीवरचं मोकळं बीपीए त्या सगळ्या लगद्यात वाटलं जातं. मग तोच लगदा उद्या मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा हात पुसायच्या कागदात येतो. जर्मनीत रद्दीपासून केलेल्या टॉयलेट पेपरमध्ये बीपीए सापडलं, ते असंच. आमच्याकडे गाठोडी फोडणाऱ्या बायका पावत्यांचे गुंडाळे वेगळे काढायच्या, पण बीपीएसाठी नाही. त्या कागदाने लगदा करडा पडायचा, म्हणून सुपरवायझर ओरडायचा. पावत्या कोरड्या कचऱ्यात टाका, चुलीत किंवा शेगडीत नको.

आणि ज्या पावत्या जपायच्या, त्यांची झेरॉक्स काढा नाहीतर फोटो. तेल, ऊन आणि प्लॅस्टिकचे मऊ पाकीट या तिन्हींनी ही छपाई उडते. मी बत्तीस वर्षं कागद तपासणारी बाई, फ्रिजची वॉरंटीची पावती नीट प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवली होती. तिसऱ्या वर्षी कॉम्प्रेसर गेला, तेव्हा बाहेर काढली. दोन्ही बाजूंनी कोरी.